एकट्याने यादी पूर्ण होत नाही



'गेम म्हणजे वेळ वाया' असं आपण सरसकट म्हणतो. मीही म्हणायचे. पण १९९६ साली जपानमध्ये गेम बॉयवर आलेला पहिला 'पोकेमॉन' बघा. त्यात एक मुलगा घरातून निघतो, गावोगाव फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडून नोंदवतो. निर्माते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. कल्पना तिथूनच आली. गंमत म्हणजे गेम लाल आणि हिरवा असा दोन प्रकारांत आला. काही प्राणी फक्त एकात, काही दुसऱ्यात. मित्राच्या गेम बॉयला वायर जोडून अदलाबदल केल्याशिवाय यादी पूर्णच होत नाही!

हेच मी तिसरीच्या वर्गात करून पाहिलं. एका गटाने अलिबागच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले, खेकडे नोंदवायचे. दुसऱ्याने वाडीतली पानं, किडे. मग अदलाबदल. एरवी गप्प बसणारी एक मुलगी चक्क म्हणाली, "तुझा खेकडा सांग, मी माझा भुंगा सांगते!"

म्हणून मुलाच्या हातातला मोबाईल ओढण्याआधी विचारा, "या खेळात तुला कोणाची गरज लागते?" उत्तर "कोणाचीच नाही" आलं, तर ओहोटीची वेळ बघा आणि त्याला किनाऱ्यावर न्या. सोबत त्याचा एखादा मित्रही हवाच.