कॅसेटमधले आवाज जपताना

कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत माळ्यावर कॅसेटचा एखादा डबा असतोच. फोन महाग होता त्या काळी आखातात कमवायला गेलेली माणसे कॅसेटवर बोलून ती गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवत, आणि इकडून अम्मी, दादी जबाब भरत. त्यातले कितीतरी आवाज आज मरहूम झाले आहेत. आता नातवंडे त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवू लागली आहेत, याचा आम्हांला आनंद वाटतो. मात्र उतरवलेली फाइल दुबईतल्या चाचांकडे उघडत नाही, अशी तक्रार हमखास येते.

आमचे सांगणे असे, की जपायची फाइल वेगळी ठेवा आणि वाटायची वेगळी. जपायची फाइल ‘वेव्ह’ प्रकारात असू द्या. तिच्यात आवाज दाबला जात नाही आणि ध्वनिसंपादनाचे जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ती उघडते. जागा लागते, हे खरे. साध्या मोनो आवाजाला सीडीच्या दर्जाने मिनिटाला सुमारे ५ एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ३०० एमबीच्या वर. तरी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर नव्वदेक कॅसेट मावतील. ‘फ्लॅक’मध्ये काही न गमावता जागा बरीच वाचते, पण गाडीतले जुने प्लेअर ती फाइल ओळखत नाहीत.

नातेवाइकांना द्यायला ‘एमपी३’ बरी. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी लागते आणि ती कुठेही वाजते. पण ती बनताना आवाजातला काही भाग कायमचा गळतो. तीच फाइल पुन्हा पुन्हा दुरुस्त करून एमपी३मध्ये साठवली, तर दर वेळी आणखी गळतो. नंतर तिची वेव्ह केली तरी गेलेले परत येत नाही. म्हणून दुरुस्ती वेव्हच्या प्रतीवरच करावी. खरखर काढतानाही हात आखडता ठेवा. मागे ऐकू येणारी अजान नि अंगणातल्या कोंबड्या त्यात पुसल्या गेल्या, तर घरच्यांना हळहळ वाटेल.

व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप ‘ओपस’ प्रकारात असतात. जुन्या सॉफ्टवेअरला ते उघडत नाहीत, तेव्हा मुले फाइलच्या नावापुढे नुसते एमपी३ लिहून मोकळी होतात. बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरंबा होत नाही! फाइल रीतसर रूपांतरितच करावी लागते. ऑडॅसिटी वापरत असाल तर ‘सेव्ह’वर थांबू नका. त्याने फक्त ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट साठतो, दुसरीकडे तो उघडत नाही. ‘एक्स्पोर्ट’ करून वेव्ह काढा.

या कॅसेटमध्ये मियाँ-बीवीच्या खासगी गोष्टीही असतात. ती अमानत आहे. खानदानाच्या ग्रुपवर टाकण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसाने पूर्ण ऐकावी. फाइलला बोलणाऱ्याचे नाव आणि साल द्या, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट मात्र फेकू नका.