क्रोटन, आजी आणि पिवळा त्रिकोण

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय आणि विषय आहे पिठ्या ढेकूण! हसू नका.

आमचं घर बुधवार पेठेत, जोगेश्वरीच्या मागच्या बोळात. मागच्या वर्षी शेजारी इमारत उठली आणि गॅलरीतलं ऊन गेलं. (पेठेत उन्हाचा भाव कोणी धरत नाही.) मग गॅलरीतला क्रोटन आतल्या खोलीत, आजीच्या खाटेशेजारी ठेवला. पंधरवड्यात पानं गळायला लागली. तहानला असेल म्हणून मी रोज तांब्याभर पाणी ओतत गेले. मग देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, खालची फरशी चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली.

मी शेतात मारायचं औषध आणलं आणि खिडकी लावून (वाऱ्याने उडू नये म्हणून!) फवारलं. आजीला दमा आहे. रात्रभर बिचारी भिंतीला टेकून बसून होती. सकाळी बाटली नीट पाहिली, तर पिवळा त्रिकोण. कीटकनाशकाच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा उतरत्या जहालपणाचा त्रिकोण असतो. म्हणजे वरून दुसरा! दहा बाय बाराच्या खोलीत! आजी एवढंच म्हणाली, "तू नक्की कोणाला मारायला निघाली होतीस गं?"

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की घरातल्या झाडाला कीड दिसली की आधी झाड कुठे ठेवलंय ते बघावं. क्रोटनला भरपूर उजेड लागतो आणि जागा बदलली की तो पानं टाकतोच. अंधारात झाड पाणीही कमी पितं. मी मात्र ओतत राहिले, मुळांना हवा मिळेना. कीड कदाचित गॅलरीतूनच आली असेल, पण तिथे पाऊस होता, वारा होता, तिला खाणारे ढालकिडे होते. बंद खोलीत तिला रान मोकळं.

शेतातही निव्वळ फवारून भागत नाही हो. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही शिरला. अंगावर मेणाचा थर, त्यामुळे औषध ओघळून जायचं. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या परजीवी माशीने त्याला आवरलं.

आमच्याकडे आजीने आवरलं. रिठे भिजवले, जुन्या लुगड्याचा तुकडा त्या पाण्यात बुडवून एकेक बेचकं पुसलं. दर आठवड्याला, दीड महिना, कारण अंडी मागे राहतात. पाणी आता माती बोटभर खोल सुकली तरच. कुंडी जिन्यातल्या खिडकीत गेलीय, येणारे-जाणारे ठेचकाळतात, पण नव्या पानांवर लाल रेघा आल्यात.

ती अर्धी बाटली मात्र अजून माळ्यावर आहे. मोरीत ओतायची नाही, कचऱ्यात टाकायची तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती लागणार. तिचं काय करायचं, कोणी सांगेल का?