वेशभूषेच्या पलीकडची बंधुता

आमच्या तालुक्यातील शाळांतून गेली काही वर्षे ‘विविधता आणि शांतता’ या विषयावर काम करणारा एक स्वयंसेवक गट आहे. त्यात एक निवृत्त शिक्षिका, एक बँक कर्मचारी, दर्ग्यासमोर सायकल दुरुस्तीचे दुकान चालविणारे एक गृहस्थ आणि महाविद्यालयात शिकणारी पाच-सहा मुले आहेत. अनुदान नाही, मानधन नाही. एसटीचे भाडेही ज्याचे त्याने द्यायचे. या मंडळींविषयी माझे मत प्रारंभी प्रतिकूल होते. ते का होते आणि पुढे कितपत बदलले, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने नमूद करावेसे वाटते.

मी तेव्हा ज्या शाळेत होतो, तेथे त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तो वेशभूषेचा. कोणी फेटा बांधला, कोणी गोल टोपी घातली, कोणाच्या गळ्यात पुठ्ठ्याचा क्रूस. मुले हातात हात घालून उभी राहिली, गीत झाले, छायाचित्रे निघाली. सहावीतील एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, आपला पोशाख कोणता?” त्याला पांढरा सदरा घालून रांगेच्या शेवटी उभे केले होते. त्याच दुपारी पोषण आहाराची खिचडी वाढली गेली, तेव्हा सकाळी हातात हात घालून उभी असलेली ती मुले आपापल्या आळीप्रमाणे ओसरीवर वेगवेगळी बसली. कोणी त्यांना तसे बसवले नव्हते आणि कोणी उठवलेही नव्हते. मीही नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणवून घेणारा मी कित्येक वर्षे ती ओसरी रोज ओलांडत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

वास्तविक पंगतीचा प्रश्न महाराष्ट्रातील शिक्षणाच्या इतिहासात नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. ज्यांना शहरात डोके टेकायला जागाच नव्हती, त्यांच्यासाठी ते पहिले दार होते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी तिने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर आपल्या मुलांना शाळेचे दार उघडे असूनही बंदच आहे, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. त्याच १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात मात्र सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकत्र कष्ट करीत आणि एकत्र जेवत. तेथे विविधतेवर व्याख्यान देण्याची वेळ बहुधा कोणावर आली नसावी.

पुढे कायदा आपल्या बाजूने आला. शाळांतून शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला आणि २००४ साली स्वयंपाकाच्या कामावर दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असेही सांगितले. न्यायालयाने समता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणली. तेथून पंगतीपर्यंतचे अंतर दहा पावलांचे आहे, आणि ते आदेशाने पार होत नाही.

माझी ही तक्रार मी त्या शिक्षिकाबाईंना काहीशा कठोर शब्दांत ऐकवली. त्यांनी वाद घातला नाही; वहीत टिपून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या फलक न घेता, नेमक्या जेवणाच्या वेळी आल्या आणि ताट घेऊन ओसरीच्या त्या टोकाला बसल्या. त्यानंतर दर आठवड्याला येत राहिल्या. त्यांच्याभोवती बसायला जागा मिळावी म्हणून मुलांत चढाओढ लागली, आणि आळ्यांची ती रांग मोडायला एक सत्र पुरले. हे सारे मी भाषण देऊन साधू शकलो नसतो.

मग आम्ही आठवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घेतला. विहिरी कोणत्या, कोणत्या विहिरीवर पूर्वी कोण पाणी भरी, वस्त्यांची नावे काय, हे आजी-आजोबांना विचारून लिहायचे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मुलांनी नव्या फलकाखाली लोकांच्या तोंडी असलेले जुने नावही नोंदवले. येथे मात्र ठिणगी पडली. ‘जुन्या गोष्टी उकरून गावाची शांतता बिघडवता,’ असा आक्षेप आला. स्वयंसेवकांतही दोन तट पडले. धर्मांविषयी बोलू, जातीचे नाव काढू नये, असे म्हणणारे दोघे गट सोडून गेले. उरलेल्यांनी काम थांबवले नाही, आणि माझे मत बदलले ते त्या दिवसापासून. ज्या शांततेला विहिरीचा इतिहास सोसत नाही, ती केवळ दबलेल्यांचे मौन असते.

धार्मिक सलोख्याचे काम गौण आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. भिवंडीचे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे नियमित भेटत, गल्लीतल्या बारीकसारीक भांडणांची तड लावीत. १९९२ साली बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनीच बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. तेथील माणसे एकमेकांना दंगलीच्या रात्री प्रथम भेटत नव्हती, हे त्याचे महत्त्वाचे कारण. आमच्या गटातील सायकलवाले चाचा मुलांच्या सायकली दुरुस्त करता करता जे साधतात, ते याच जातीचे काम आहे.

संविधान सभेपुढील उद्दिष्टांच्या ठरावात ‘बंधुता’ हा शब्द नव्हता. तो बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने उद्देशिकेत आणला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जाती या बंधुतेच्या आड येतात, हे त्यांनी सभागृहाला स्पष्ट सांगितले. ‘विविधता’ हा शब्द सोयीचा आहे, कारण तो कोणालाच काही सोडायला सांगत नाही. बंधुता जागा सोडायला सांगते.

आणि म्हणूनच हा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला पाहिजे. आपल्या निवासी शाळेच्या भोजनगृहात रोज धम्मवंदना होते, त्याचा मला आनंद आहे. पण आपल्या वसतिगृहात मातंग, पारधी, मुस्लीम, धनगर मुले किती आहेत? जी आहेत, त्यांच्या शेजारी आपली मुले आपणहून बसतात का? सणाच्या दिवशी त्यांना पाहुण्यासारखे तर वाटत नाही ना? उत्तर मला ठाऊक आहे असा माझा दावा नाही. आपल्या ओसरीवर काय चालते ते आपल्याला सर्वांत शेवटी दिसते, हे मी वर सांगितलेच आहे. येत्या जूनपासून त्या गटाला आपल्या शाळेत बोलवावे, असे मी व्यवस्थापनाला सुचवले आहे. वेशभूषेच्या कार्यक्रमाला नव्हे. दुपारी साडेबाराला, जेवणाच्या घंटेच्या वेळी.