धोतरा आणि एलएसडी एका पंगतीत नकोत




२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला की शाळाशाळांतून ‘नशा म्हणजे नशा, सगळी सारखीच’ असे मुलांना सांगितले जाते. हेतू चांगला, पण मेंदूचे शास्त्र वेगळे आहे. आमच्या बालाघाटात महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात ते धोतऱ्याचे काटेरी फळच घ्या. त्यातले ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनचे काम अडवतात. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, अंग तापते आणि माणूस समोर नसलेल्या कुणाशी तरी बोलत बसतो. एका झाडाच्या बियांतले विष दुसऱ्या झाडाशी जुळत नाही, त्यामुळे ‘थोडेसे’ किती हे कुणालाच ठरवता येत नाही. जीव जातो तो इथेच. एलएसडी आणि अळंब्यांतले सायलोसायबिन मात्र सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर काम करतात. एरवी आपापल्या जागी चालणारे मेंदूचे भाग एकमेकांत मिसळू लागतात आणि ‘मी’पणाची गाठ काही तास सैल होते. त्यांत विषबाधेपेक्षा मन भरकटण्याचा धोका मोठा.

असा फरक सांगितला तर पोरे ‘मग हे चालते’ म्हणतील, असा आक्षेप येईल. पण खरी माहिती अर्धवट सांगायची नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. सायलोसायबिनच्या २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तिसऱ्या आठवड्यात २९ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. नाममात्र १ मिलिग्रॅम दिलेल्यांत ८ टक्क्यांचे. मात्र काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले, आणि हे सारे प्रशिक्षित माणसे शेजारी बसलेली असताना. पार्टीत एलएसडीचा कागदाचा तुकडा जिभेवर ठेवणाऱ्याजवळ कोण बसलेले असते?

कायद्यापुढे सगळे सारखेच, हा दुसरा आक्षेप. तोही टिकत नाही. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्यात एलएसडीचे ०.१ ग्रॅम हे व्यापारी प्रमाण ठरते. त्याच कायद्याखाली २०११ पासून आलेले केटामाइन डॉक्टर भुलीसाठी वापरतात. नुसती भांगेची पाने गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत. आणि रस्त्याकडेला उगवणारा धोतरा तर त्या कायद्यात कुठेच नाही! म्हणून येत्या २६ जूनला घोषणांचे फलक थोडे कमी करून फळ्यावर धोतऱ्याचे बोंड काढावे, आणि कुणी ते खाल्ले तर उलटीची वाट न पाहता, उरलेले बोंड सोबत घेऊन, सरळ जिल्हा रुग्णालय गाठायचे, एवढे मुलांना शिकवावे.

आपला,
एक वाचक, बालाघाट