वाहतुकीचा अदृश्य नियंत्रक

बंगळुरूतील आमच्या निवासस्थानामागे एक अरुंद गल्ली आहे. तेथे एक शाळा असून पूर्वी सकाळी पालकांच्या दुचाकींखेरीज फारसे कोणी येत नसे. आता मुख्य रस्त्यावर कोंडी झाली की मोटारींची रांगच गल्लीत शिरते. एका चालकाला कारण विचारले, तर त्याने मोबाईलकडे बोट दाखविले.

आम्हा प्रशासकांना रस्त्यावर वाहनांना मज्जाव करावयाचा तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ चा आधार घ्यावा लागतो. अधिसूचना निघते. निर्बंध महिन्याभराच्या आतला असेल तर राजपत्राची अट सुटते, परंतु स्थानिक प्रसिद्धी तेव्हाही द्यावीच लागते. म्हणजे जाब विचारण्यासाठी नागरिकाच्या हाती एक कागद असतो आणि त्यावर कोणाची तरी स्वाक्षरी असते. गल्लीत वाहने वळविणाऱ्या संगणकप्रणालीला यातील काहीच लागत नाही.

याच्या पुढची पायरी आता येऊ घातली आहे. नेहमीच्या संगणक-जाळ्यात प्रत्येक राउटर संदेशाचा मार्ग आपापल्या परीने ठरवितो. 'सॉफ्टवेअर-डिफाइन्ड' जाळ्यात तो निर्णय मध्यवर्ती नियंत्रकाकडे जातो व बाकीची उपकरणे केवळ आज्ञापालन करतात. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेल्या 'ओपनफ्लो'ने या विचारास चालना दिली. वाहने आणि रस्त्याकडेची उपकरणे यांना जोडणाऱ्या जाळ्यांसाठीही हीच रचना अभ्यासली जात आहे. नियंत्रकाला सारी वाहने एकत्र दिसू लागली की संदेशांबरोबर वाहनांचेही मार्ग तेथूनच ठरविता येतील.

माझा यास विरोध नाही. प्रत्येकाने स्वतःपुरता जवळचा मार्ग धरला म्हणजे सर्वांचा मिळून वेळ कमीत कमी होतो असे नव्हे, हे वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्येच मांडले. नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवास लांबू शकतो, हे ब्राएस यांनी १९६८ मध्ये गणिताने दाखविले. रुग्णवाहिकेसाठी तर असा एकत्रित दृष्टिकोन अमूल्य ठरेल. (धावत्या वाहनाचा नियंत्रकाशी संपर्क तुटला तर? तेव्हा त्याने जागेवरच निर्णय घ्यावा. पुरात दूरध्वनी बंद पडला म्हणून तहसीलदार हातावर हात ठेवून बसत नाही.)

परंतु एकूण वेळ वाचवायचा तर कोणाला तरी लांबच्या वाटेने पाठवावे लागणारच. कोणाला? मालाच्या टेम्पोला, रिक्षाला, की जादा शुल्क न भरणाऱ्याला? हा प्रश्न गणिताचा नव्हे, राज्यकारभाराचा आहे. म्हणून वाहने वळविण्याचे निकष कलम ११५ च्याच शिस्तीने प्रसिद्ध व्हावेत, प्रत्येक वळणाची नोंद राहावी आणि शाळा-रुग्णालयांच्या गल्ल्या वगळण्याची महापालिकेची यादी नियंत्रकावर बंधनकारक असावी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता मनाईचा फलक लागला आहे. चालकांच्या मोबाईलला मात्र तो ठाऊक नाही. त्यामुळे शाळेच्या वेळी एक वाहतूक पोलीस तेथे दीड तास उभा असतो.