डोक्यावरचं प्लॅस्टिक तपासा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा परांचीवरचा गवंडी हेल्मेट काढून डोक्याला रुमाल गुंडाळतो. त्याला बेशिस्त ठरवणं सोपं आहे. पण स्लॅबवर तापणारी निकृष्ट टोपी निवडली कोणी?

खरेदी करताना आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २९२५’ हा औद्योगिक हेल्मेटचा मानक क्रमांक पाहायलाच हवा. दुचाकीचं हेल्मेट वेगळ्या मानकाचं असतं, इथे ते चालत नाही. खरं काम आतल्या पट्ट्यांची जाळी करते. कवच आणि डोकं यांत ती अंतर राखते आणि वरून पडलेल्या विटेचा धक्का पसरवते. त्या मोकळ्या जागेत तंबाखूची पुडी ठेवली, की संरक्षण घटलंच. हवेची छिद्रं उन्हात दिलासा देतात. वीजतारांजवळ मात्र बिनछिद्रांचं, विजेसाठी चाचणी झालेलंच हवं.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. रंग उडालेलं, तडा गेलेलं किंवा एकदा जोरात मार बसलेलं हेल्मेट बाद करावं.

चुंबळीवर घमेली वाहणाऱ्या बायांच्या डोक्यावर हेल्मेट बसणारच नाही; त्यांचं काय? त्यांच्यासाठी माल चढवायला लिफ्टच हवी.

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत असो वा जळगावच्या बांधकामावर, हेल्मेटचा खर्च मालकाने उचलावा आणि मजुरीतून एक रुपयाही कापू नये.