ट्रिपल कोट म्हणजे कॉमेंट नव्हे

पायथॉनच्या बहुतेक नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडते : एका ओळीची कॉमेंट हॅशने, अनेक ओळींची ट्रिपल कोटने. विद्यार्थी ते पाठ करतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध साफ चूक. पायथॉनमध्ये अनेक ओळींची वेगळी कॉमेंट असा प्रकारच नाही. ट्रिपल कोटमध्ये जे लिहिले जाते ती स्ट्रिंग असते.

विरोधी पक्ष लेचापेचा नाही, हे आधीच मान्य करू. पायथॉनचा जनक ग्विडो व्हॅन रॉसम यानेच २०११ साली ट्विटरवर अशा स्ट्रिंगचा कॉमेंटसारखा वापर सुचवला होता. अशी स्ट्रिंग डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शन वगैरेंच्या आरंभी दिलेले त्यांचे वर्णन, नसेल तर तिच्यातून कोड तयार होत नाही, हे त्याचे कारण. ते खरेच आहे. सुटे वाक्य म्हणून आलेली स्ट्रिंग कंपायलर टाकून देतो. पण 'सुटे वाक्य' ही अट नोट्समध्ये येईपर्यंत गळून पडली आणि घोळ तिथेच झाला.

हिंगोली जिल्ह्याचे तालुके घ्या. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचे नावही देवनागरीत चालते :

तालुके = [
    "हिंगोली",
    "सेनगाव",
    """पुढची नावे तपासायची आहेत"""
    "कळमनुरी",
    "वसमत",
    "औंढा नागनाथ",
]

हे चालवा. एरर येत नाही. यादीची लांबी मोजा, बरोबर ५ भरते. पण 'कळमनुरी' शोधायला जा, यादीत नाही! शेजारीशेजारी आलेल्या दोन स्ट्रिंग पायथॉन आपोआप जोडतो, त्यामुळे तिसऱ्या तालुक्याचे नाव झाले 'पुढची नावे तपासायची आहेतकळमनुरी'. तोच मजकूर हॅश लावून लिहिला असता तर काहीही बिघडले नसते.

हा एकच सापळा नाही. फंक्शनच्या आरंभी असा मजकूर टाकला की तो डॉकस्ट्रिंग होतो आणि हेल्पमध्ये झळकतो. इंडेंट चुकले तर प्रोग्राम अडतो. कॉमेंटला इंडेंटचे बंधन नाही. बंद ठेवायच्या कोडमध्ये आधीच ट्रिपल कोट असतील तर आपली स्ट्रिंग मध्येच संपते. सातबाऱ्याच्या समासातली पेन्सिलीची खूण आणि 'इतर हक्क' रकान्यातली नोंद यांत जो फरक, तोच इथे आहे.

एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी म्हणेल. याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा लहरींच्या नोंदी चाळणारे पायसीबीसी आणि जीडब्ल्यूपाय हे संच पायथॉनचेच. अमेरिकेतल्या लायगोच्या स्वयंचलनाची गार्डियन यंत्रणाही पायथॉनमध्येच लिहिलेली आहे. हिंगोलीच्या मुलांनी उद्या असा कोड वाचावा असे वाटत असेल, तर न ओरडता यादी बिघडवणारी सवय त्यांना आज लावणे परवडणारे नाही.

मग ट्रिपल कोट टाकाऊ का? मुळीच नाही. फंक्शन काय करते हे वापरणाऱ्याला सांगायला डॉकस्ट्रिंगच हवी. तिचे संकेत २००१ पासून पायथॉनच्या पेप २५७ या दस्तऐवजात नोंदलेले आहेत. अनेक ओळींचा खरा मजकूर प्रोग्रामला द्यायचा असेल, तर तिथेही ट्रिपल कोटच शोभतात. मात्र कोड असाच का लिहिला, हे वाचणाऱ्या माणसाला सांगायचे असेल तर हॅश. 'प्रत्येक ओळीला हॅश कोण लावत बसणार?' ही तक्रारही टिकत नाही. पायथॉनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये विंडोजवर ओळी निवडून ऑल्ट आणि ३ दाबले की काम होते.

शिकवणाऱ्यांनी नोट्समधले ते वाक्य खोडावे आणि त्या जागी लिहावे : कॉमेंट हॅशने, दहा ओळींची असली तरी हॅशनेच.